तीन दिवस ‘मोहित’

बुधवार

कराडच्या स्टँडवर एसटी अर्धा तास थांबली, तेवढ्यात प्रवीणने तिसऱ्यांदा विचारलं, “ताई, पण आपण तिथं जाऊन करायचं काय?”

प्रवीण आमच्या लॅबचा टेक्निशियन. मी केसपेपरच्या खिडकीवर बसते, बावीस वर्षं झाली. पाटण तालुक्यातलं आमचं तीस खाटांचं ट्रस्टचं रुग्णालय. तिथल्या सॉफ्टवेअरचा करार मार्चअखेर संपतोय, आणि नवं कुठलं घ्यायचं यावर विश्वस्तांच्या दोन बैठका चहा-बिस्किटांवर संपल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, “वाशीला आरोग्य-तंत्रज्ञानाची परिषद आहे, सगळे कंपनीवाले एका छताखाली मिळतील. सुनंदाताई, तुम्हीच जा. खिडकीवर तुम्ही बसता, मी नाही.” पास त्यांच्या नावाचा होता, तो फोनवरून माझ्या नावावर करून घेतला.

निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर मी एकच प्रश्न लिहून ठेवला होता : एकच पेशंट दोनदा नोंदला गेला तर?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. आमच्याकडे तो रोजचा आहे. बाई माहेरच्या नावानं बाळंतपणाला येते आणि सासरच्या नावानं बाळाला डोस द्यायला. आजोबांना घरात आबा म्हणतात, रेशनकार्डावर आबासाहेब, आधारवर आबासो. जन्मतारीख विचारावी तर आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं १ जूनला जन्मलेली. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तरांनी पोराच्या उंचीकडे बघून वय ठरवायचं आणि तारीख टाकायची १ जून. नाव, आडनाव, जन्मतारीख तिन्ही जुळतात आणि माणसं मात्र दोन, असे पेशंट मी एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेले बघितलेत.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही. खंबाटकी, पुणे, द्रुतगती मार्ग, कळंबोली. प्रवीण घणसोलीला मित्राकडे गेला, मी कोपरखैरण्याला मामांकडे.

मामा माथाडी. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये उभा जन्म पाठीवर गोण्या वाहिल्या. या बाजारात सातारा, जावळी, पाटणची माणसं इतकी, की कोपरखैरण्यात रिक्षावाल्याशी बोलतानाही मला शहरी बोलायची गरज पडत नाही. ज्या अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला, ते आमच्याच तालुक्यातले. मामांच्या घरात विठोबाशेजारी त्यांची तसबीर आहे. एका खोलीचं घर होतं, त्यावर आता दोन मजले चढलेत. मामा मात्र खालीच झोपतात. गुडघे जिना चढू देत नाहीत.

जेवताना मामी म्हणाली, “सोमवारी ह्यांना दवाखान्यात दाखवायचंय. तू हायस तर कागद तेवढे बघून दे.”

“कागद काय बघायचे?” मामा म्हणाले. “समदं हाय पिशवीत.”

पिशवी दारामागच्या खिळ्याला होती. साडीच्या दुकानाची, बंद तुटलेली, सुतळीनं बांधलेली. मी म्हटलं, शनिवारी बघते.

गुरुवार

कोपरखैरण्याहून वाशी म्हणजे मधे फक्त तुर्भे आणि सानपाडा. सिडकोचं प्रदर्शन केंद्र स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नऊ वाजता दारात पोचलो तर रांग रेल्वेच्या तिकीट खिडकीसारखी, फक्त माणसं सुटाबुटातली.

टेबलावरच्या मुलीनं माझा फोन स्कॅन केला. मग पुन्हा केला.

“मॅडम, नाव येत नाहीये.”

“मोहिते.”

“एम ओ एच आय टी?”

“शेवटी ई आहे बाळा.”

तिनं ई लावून शोधलं, डॉक्टरांच्या नावानं शोधलं, रुग्णालयाच्या नावानं शोधलं. मी तिच्या मागच्या भिंतीकडे बघत उभी. खिडकीच्या अलीकडे उभं राहिल्यावर कसं वाटतं ते बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मागच्या माणसाचा श्वास मानेवर येतो आणि आपलंच नाव आपल्याला खोटं वाटायला लागतं. शेवटी एका यादीत ‘सुनंद मोहित’ सापडला. बिल्ला तसाच छापून आला. दुरुस्त करून हवा तर दुपारपर्यंत थांबा, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे.

प्रवीणने बिल्ला वाचला आणि हसून लोटपोट झाला. “ताई, आल्या आल्या मोहित झालात!”

पेशंटच्या नोंदी अचूक कशा ठेवायच्या ते शिकायला आलेली बाई दारातच यादीत सापडत नाही, ही सुरुवात मला तरी शुभ वाटली.

आत एसीचा गारठा, पायाखाली गालिचा, आणि डोळे दिपवणारे पडदे. एका स्टॉलवर रोबोट येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होता. कशासाठी, ते तीन दिवसांत कळलं नाही. जिकडे तिकडे ‘एआय’. आमच्याकडे पूर्वी प्रत्येक दुकानाच्या पाटीवर ‘न्यू’ असायचं, तसं. प्रवीणने पहिल्या तासात चार कापडी पिशव्या आणि सात पेनं गोळा केली. मी वही उघडून माझा प्रश्न विचारत फिरले.

पहिला म्हणाला, “आमची एआय डुप्लिकेट आपोआप ओळखते.” कशावरून ओळखते? “अल्गोरिदम आहे मॅडम.” दुसरा म्हणाला, “आधारचा ओटीपी घ्या, प्रश्नच मिटला.” त्याला मी सांगितलं की आजी आमच्या खिडकीत उभी असते आणि आधारला जोडलेला मोबाइल मुलाकडे असतो. मुलगा इथंच, रबाळ्याला कंपनीत. रात्रपाळी करून झोपलेला. त्याला उठवून ओटीपी विचारेपर्यंत त्याची मुदत संपते, मग दुसरा मागवायचा, तोपर्यंत रांगेतला शेवटचा माणूस आजीवर नाही, माझ्यावर ओरडतो. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, “व्हॅलिड पॉइंट.” तिसऱ्यानं मला पेन दिलं.

दुपारचं सत्र आयुष्मान भारत डिजिटल मिशनवर होतं. २७ सप्टेंबर २०२१ ला हे मिशन देशभर सुरू झालं; चालवतं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण. चौदा आकडी आभा क्रमांक आम्हीही पेशंटना काढून देतो, पण खरं सांगायचं तर तो कशासाठी ते मलाही धड माहीत नव्हतं. माझी समजूत अशी की सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीत कुठल्याशा मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसतात. तसं नाही. कागद जिथे तयार झाला तिथेच राहतो. साताऱ्याच्या लॅबचा रिपोर्ट साताऱ्यात, आमचं डिस्चार्ज कार्ड आमच्याकडे. आभा क्रमांक म्हणजे हे सगळं ज्यात ओवता येईल असा दोरा. वाशीच्या डॉक्टरला आमचं डिस्चार्ज कार्ड बघायचं असेल तर पेशंटच्या फोनवर परवानगी मागितली जाते. काय बघायचं, किती दिवस बघायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. पेशंट ‘हो’ म्हणाला तरच दिसतं.

प्रश्नोत्तरांत मी उठून म्हटलं, आमच्याकडे लोकांना आभा कार्ड आणि पाच लाखांचं आयुष्मान कार्ड एकच वाटतं. एक आजी आभाचा कागद प्लास्टिकमध्ये घालून कमरेला लावून आल्या होत्या, ‘ऑपरेशन फुकट करा’ म्हणून. महात्मा फुले योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्रानं अर्धा तास समजावलं, तरी जाताना म्हणाल्याच, “मग ह्यो कागद कशाला दिला?” सभागृह हसलं. वक्त्यांनी मात्र हसणं थांबू दिलं आणि म्हणाले, आजींचा प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तर कार्ड काढणाऱ्यानं कार्ड काढतानाच द्यायला हवं. कार्ड काढणारी मीच. खाली बसले.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्या सत्रात ताठ बसले. खिडकीवर क्यूआर कोड लावायचा, पेशंटनं तो आपल्या फोननं स्कॅन करायचा, की त्याचं नाव, वय, पत्ता त्याच्या खात्यातून थेट आमच्या पडद्यावर येतो आणि टोकन मिळतं. रांग कमी होते, हे सगळ्यांनी टिपून घेतलं. मी वेगळं टिपलं. यात नाव मला कानांनी ऐकावं लागत नाही. एरवी पंख्याचा आवाज, पोरांची रडारड, काचेचं भोक, आणि पलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात सांगितलेलं नाव, यातून जे उरतं ते आम्ही टाइप करतो. अर्धी दुखणी तिथंच सुरू होतात. अर्थात फोन असलेल्यांचं हे झालं. कमरेला कागद लावून आलेल्या आजींना अजून मलाच विचारायचंय.

शुक्रवार

सकाळचं पहिलं सत्र प्रवीणचं. म्हणजे वक्ता दुसरा होता, पण दुःख प्रवीणचं. आमच्या लॅबचं रक्त तपासायचं मशीन आकडे पडद्यावर दाखवतं. प्रवीण ते रजिस्टरमध्ये लिहितो, मग कॉम्प्युटरवर टाइप करतो. एक आकडा तीन ठिकाणी, दिवसातून शे-दीडशे वेळा. एकदा ११.२ हिमोग्लोबिनचं १.१२ झालं होतं. सिस्टरनं पेशंटकडे बघितलं, तो माणूस वडापाव खात होता, म्हणून चूक लगेच सापडली. उलटं झालं असतं तर सापडली नसती.

यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं कसं याचे नियम १९८७ पासून बनतायत. एचएल-सेव्हन नावाची संस्था तेव्हा सुरू झाली. आताचा तिचा नियम फायर, तोच आभाच्या देवाणघेवाणीत वापरतात. एक्स-रे, सीटीच्या चित्रांसाठी डायकॉम. म्हणजे भाषा आहे, चाळीसेक वर्षांची आहे. मग प्रवीण अजून हातानं का लिहितो? त्यानं उठून हेच विचारलं. वक्ता क्षणभर थांबला आणि म्हणाला, “तुमचं मशीन बोलतं. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यानं ऐकायचे वेगळे पैसे मागितले असतील.” मागितले होते! मशीनच्या किमतीच्या मानानं ते फार नव्हते, पण बिलात ‘इंटरफेस’ शब्द बघून विश्वस्तांनी खोडला. त्यांना वाटलं, काहीतरी चैनीचं असेल.

तिथंच आणखी एक कळलं, जे मी दोनदा अधोरेखित केलंय. सॉफ्टवेअर घेताना सगळे विचारतात आत काय काय आहे. सोडताना आपला डेटा कसा परत मिळणार, कुठल्या स्वरूपात आणि किती पैशांत, हे करारात लिहून घ्यायचं कुणाला सुचत नाही. आमच्या सध्याच्या करारात त्यावर एक ओळ नाही. बावीस वर्षांतली शेवटची अकरा वर्षं त्यात अडकलेली आहेत. भाड्याच्या घरात आपण विहीर खणली, अशातली गत.

जेवणानंतर शेवटच्या रांगेत गेलो. तिथं स्टॉल लहान, गालिचा संपलेला, रोबोट नाही. एका टेबलामागे पंचविशीतला मुलगा बसला होता, ऐरोलीच्या कोळीवाड्यातला. मी सवयीनं प्रश्न विचारला. त्यानं आधी मला बसायला खुर्ची दिली.

“ताई, दोन नोंदी एकत्र करणं सोपं आहे,” तो म्हणाला. “चुकून एकत्र झालेल्या सोडवणं अवघड.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. कारण माझा खरा प्रश्न तोच होता, वहीत लिहायची लाज वाटली होती. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाच नावाच्या दोन बायका होत्या. गाव एक, नवऱ्याचं नाव एक, जन्मतारीख अर्थात १ जून. मला वाटलं एकच बाई दोनदा नोंदली गेलीय. मी बटण दाबून दोन्ही एकत्र केल्या. दोन महिन्यांनी त्यातली एक ऑपरेशनला आली आणि फाइलवर रक्तगट दुसरीचा. काही झालं नाही, कारण रक्तपेढी फाइलवर विश्वास ठेवत नाही. प्रत्येक वेळी नवा नमुना घेऊन गट तपासते आणि पिशवीतल्या रक्ताशी जुळवून बघते. पण त्या रात्री मी जेवले नाही. आणि त्या दोन नोंदी आजही वेगळ्या करता आलेल्या नाहीत, कारण सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचं बटण आहे, परत फिरायचं नाही.

मुलानं त्याचं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. जुळणाऱ्या नोंदी ते फक्त सुचवतं. एकत्र करायला दोन माणसांची मान्यता लागते. जुने नंबर मरत नाहीत, आणि कधीही मागे जाता येतं. मग त्याला माझा बिल्ला दिसला. खरं आडनाव विचारून त्यानं दोन्ही टाइप केली.

“ही जुनी युक्ती बघा. साउंडेक्स. १९१८ साली अमेरिकेत पेटंट घेतलंय. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकून द्यायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. मोहिते, एम-तीनशे. मोहित, एम-तीनशे. दारातल्या मुलीकडे हे असतं तर तुम्ही लगेच सापडला असता.”

“मग झालं तर!”

“नाही ना. आता हे बघा.” त्यानं ‘वाघ’ टाइप केलं, एकदा डब्ल्यूनं, एकदा व्हीनं. एकाचा कोड डब्ल्यू-दोनशे, दुसऱ्याचा व्ही-दोनशे. “पहिलं अक्षरच बदललं, की ही युक्ती त्यांना वेगळी माणसं समजते. इंग्रजी नावांसाठी केलेली आहे ती. आपल्याकडे वाघ, वाडकर, वाळुंज, सगळ्यांची दोन दोन स्पेलिंगं.”

“माझे मामा वाघच आहेत,” मी म्हटलं.

“त्यांना विचारा, किती फायली आहेत.”

मग मी जे विचारलं ते मला त्या दिवशीपर्यंत सुचलं नव्हतं, याचं अजून नवल वाटतं. “आपण मुळात इंग्रजीत लिहितोच कशाला? मराठीत वाघ एकच.”

तो हसला. “डेटाबेसला देवनागरी केव्हापासून चालते. फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात येत नाही, आणि घेणारा मागत नाही.” म्हणजे नाव देवनागरीत पहिलं, इंग्रजी त्याच्याखाली. इतकंच. पूर्वी माझ्या हातानं लिहिलेल्या केसपेपरवर ते तसंच असायचं. कॉम्प्युटर आला आणि मी माझ्याच गावातल्या माणसांची नावं परक्या लिपीत, अंदाजानं लिहायला लागले.

संध्याकाळच्या सत्रांतलं दोनच सांगते. पाठीवरच्या पिशवीत मावणारं एक्स-रे मशीन बघितलं. सोबतचं सॉफ्टवेअर छातीचं चित्र वाचून क्षयाची शक्यता आकड्यात सांगतं. पंधरा वर्षांवरच्या लोकांच्या तपासणीसाठी असं वाचन वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये मान्यता दिलीय. निदान नव्हे, चाळणी. आकडा जास्त आला तर थुंकीची तपासणी करायचीच. मला डोंगरावरचे आमचे धनगरवाडे आठवले, जिथून माणूस एक्स-रेसाठी उतरतो तेव्हा एक दिवसाची मजुरी बुडते. सगळ्या प्रदर्शनात मला हेवा वाटला तो या एकाच वस्तूचा.

दुसरं, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ च्या सुमारास शोधलेलं तत्त्व. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पार करून रक्तातला ऑक्सिजन ओळखायचा. कोविडात आम्ही त्याच्यावर देवासारखा विश्वास ठेवला. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासानं दाखवलं की काळ्या रुग्णांमध्ये ऑक्सिजनची लपलेली कमतरता गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा या यंत्रातून निसटली. कातडीचा रंग आड येतो. आमच्या वॉर्डातले सगळे हात आठवले. गोरा एकही नव्हता.

त्याच वक्त्या बाईंनी शेवटी गडचिरोलीचं एक चित्र दाखवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं निरक्षर दाईंसाठी केलेलं श्वास मोजायचं साधन : एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. “ह्याला चार्जिंग लागत नाही,” प्रवीण कुजबुजला. त्यानं तीन दिवसांत फोटो काढला तो फक्त या चित्राचा.

सत्रं संपल्यावर सागर विहारला खाडीकाठी जाऊन बसलो. ओहोटी होती. लांब चिखलात गुलाबी रेघ दिसत होती, रोहित पक्षी. प्रवीणला दोन दिवस ज्याची वाट होती ती संधी मिळाली. “मोहित रोहित बघायला आला!” मी त्याला भेळ घेऊन दिली, नाहीतर गप्प बसला नसता.

शनिवार

शेवटचा दिवस अर्धाच केला. सकाळी कायद्याचं सत्र. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि दंड २५० कोटींपर्यंत. वक्त्यांनी विचारलं, किती जणांच्या रुग्णालयात रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात? कुणी हात वर केला नाही. मग सगळे हसले. आमच्या ग्रुपचं नाव ‘परिवार’ आहे, त्यात सकाळी सुविचार येतो आणि त्याच्याखाली सहा नंबर बेडच्या बाईचा रिपोर्ट, नावासकट. मी तिथंच फोन काढून जुने रिपोर्ट खोडायला लागले, पण ते माझ्याच फोनवरून खोडले जाणार होते. बाकीच्या एकवीस फोनांचं काय?

नंतर सायबर हल्ल्यावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्यानं बंद पडले आणि दोन आठवड्यांच्या आसपास कामकाज कागदावर चाललं. वक्त्यांनी विचारलं, उद्या तुमचं सगळं बंद पडलं तर नंबर टाकलेले कोरे केसपेपर कुणाकडे तयार आहेत? तीन दिवसांत पहिल्यांदा मी अभिमानानं हात वर केला. कोयनेचं धरण आमच्या तालुक्यात आहे आणि पावसाळ्यात लाइट पहिल्यांदा आमचीच जाते. दोनशे कोरे केसपेपर माझ्या खणात कायम असतात.

जेवण न करताच निघाले. प्रवीणही सोबत आला, अकरा पिशव्या घेऊन.

मामा जेवून पडले होते. मामीनं पिशवीची सुतळी सोडली आणि आम्ही फरशीवर कागद मांडायला बसलो. वीस वर्षांचे. एक्स-रे लाटणीसारखे गुंडाळलेले, औषधांच्या पावत्यांवरची शाई उडालेली, मधेच कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. आधी वर्षाप्रमाणे लावत होते. मग एकाच दवाखान्याच्या दोन फायली हाताला लागल्या, आणि नंबर वेगळे. वरची नावं वाचली. एक डब्ल्यूनं. एक व्हीनं.

प्रवीण काही बोलला नाही. त्यानं पिशव्या बाजूला ठेवल्या आणि खाली बसला.

व्हीची फाइल जुनी. त्यात २००९ चं डिस्चार्ज कार्ड, पाठीच्या दुखण्याचं. खालच्या कोपऱ्यात कुणा डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात : डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शननं अंगावर गांधी, चेहऱ्याला सूज, पुन्हा देऊ नये. डब्ल्यूची फाइल नवी, चार वर्षांची. तिच्यात ‘ॲलर्जी’ या रकान्यात ‘नाही’. आणि गेल्या दिवाळीच्या कागदावर तेच इंजेक्शन लिहिलेलं.

“मामी, हे दिलं होतं यांना?”

“द्यायला आली होती की पोरगी, सुई भरून,” मामी म्हणाली. “मी नाव इचारलं. म्हटलं, हे न्हाय चालत ह्यांना, मागं त्वांड भोपळ्यागत झालं होतं. तिनं फाइल बघितली, म्हणाली यात तर काय न्हाय लिवलेलं. मी म्हटलं, न्हाय लिवलं तर लिव. मग गोळी दिली दुसरी.”

“मग लिहिलं का तिनं?”

“ते मी कुठं वाचाय गेले?”

तिनं लिहिलं नव्हतं.

मी नवी कोरी फाइल घेतली, त्या तिसऱ्या स्टॉलवाल्याच्या पेनानं वर मोठ्या अक्षरात नाव घातलं : दगडू सखाराम वाघ. खाली दोन्ही जुने नंबर, दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं. त्याखाली लाल पेनानं इंजेक्शनचं नाव, काय झालं होतं ते, आणि वर्ष. २००९ चं कार्ड सगळ्यात वर. आवाजानं मामा जागे झाले होते.

“मराठीत कशाला लिवलंस? डॉक्टर वाचल का?”

“वाचतील. नाहीच वाचलं तर मामी वाचून दाखवेल.”

“ती तर न वाचताच दाखवती,” मामा म्हणाले आणि कुशीवर वळले.

रात्री साडेनऊची गाडी होती. निघताना प्रवीणनं अकरांतली सगळ्यात जाड पिशवी निवडली, नमस्कार करणाऱ्या रोबोटचं चित्र असलेली, आणि कागद तिच्यात भरून खिळ्याला लावून दिले. मामांनी उठून ती हातानं तोलून बघितली. मग साडीच्या दुकानाची जुनी पिशवी उचलली, सुतळीसकट तिची चौकोनी घडी घातली, आणि नव्या पिशवीत कागदांच्या मागे नीट सरकवून ठेवली.